कात रंगतो तसा

लाइट-बॉक्सवर ही निगेटिव्ह ठेवली की पाहणारा हमखास विचारतो, "खराब झाली का हो?" दोष त्याचा नाही. कृष्णधवल निगेटिव्ह राखाडी-काळी असते हे आपल्या डोळ्यांत पक्कं बसलंय आणि ही तर तपकिरी, कातबोळ रंगाची.

चित्र साधंच आहे. दोरीवर वाळत घातलेलं धोतर, मागे चुन्याने सारवलेली भिंत, भर दुपारचं ऊन. पांढऱ्यावर पांढरं. अशी फिल्म नेहमीच्या डेव्हलपरमध्ये धुऊन मी अनेकदा हात पोळून घेतलेत. धोतर आणि भिंत मिळून निगेटिव्हवर एकच काळा गठ्ठा होतो आणि कागदावर नुसता कोरा पांढरा. इथे भिंग लावा. धोतराची घडी उलगडल्याची आडवी रेघ दिसते. काठाजवळ सूत किंचित घट्ट विणलंय तेही दिसतं. भिंतीवर चुन्याचा कुंचला फिरला त्याचे फराटे वेगळे, आणि ते धोतराशी भांडत नाहीत.

हे रंगाचं काम. डेव्हलपर फिल्मवरची चांदी मोकळी करतो तेव्हा स्वतः ऑक्सिडाइझ होतो. एरवी सल्फाइट त्यातून उरणारा गाळ निपटून टाकतं. स्टेनिंग डेव्हलपरमध्ये सल्फाइट नावापुरतं ठेवतात, म्हणून तो गाळ जिथल्या तिथे जिलेटिनला धरतो. त्याला रंगवतो आणि कमावतोही, चामडं कमावतात अगदी त्याच अर्थाने. चांदी जास्त तिथे रंग गडद, चांदी कमी तिथे पुसट. म्हणजे चांदीच्या चित्रावर दुसरं एक चित्र, रंगाचं. चांदीच्या कणांमधल्या फटी ते भरून काढतं, त्यामुळे ग्रेन मवाळ होतो. कमावलेलं जिलेटिन डेव्हलपरला आडवं पसरू देत नाही, म्हणून कडा मात्र धारदार राहतात.

या डेव्हलपरांची घराणी दोन. पायरोगॅलॉलचा रंग पिवळा-हिरवट. एडवर्ड वेस्टन याच घराण्यातला. 1930 साली पत्र्याच्या नरसाळ्यात ढोबळी मिरची ठेवून तिचा फोटो काढणारा तोच तो. आपल्या निगेटिव्ह तो पायरोत धुवायचा. गॉर्डन हचिंग्ज यांनी पीएमके नावाने पायरोला नवं आयुष्य दिलं. दुसरं घराणं कॅटेकॉलचं, तपकिरी. माझी ही निगेटिव्ह त्यातली, पायरोकॅट-एचडीत धुतलेली. कॅटेकॉल हा पदार्थ 1839 मध्ये पहिल्यांदा मिळाला तो कातापासून. खैराच्या लाकडाचा काढा आटवून करतात तोच कात, ज्याच्यावरून कातकरी हे नाव पडलं. पानात नुसता कात रंगत नाही, त्याला चुना लागतो. डेव्हलपरच्याही बाटल्या दोन. 'ए'मध्ये कॅटेकॉल, 'बी'मध्ये पोटॅशियम कार्बोनेट, दोन्ही एकेक भाग आणि पाणी शंभर. 'बी' हा चुन्याच्या जागी. अल्कली मिळाली की रंग चढतो.

खरी गंमत प्रिंट काढताना. मल्टिग्रेड कागदाचा कॉन्ट्रास्ट निळा प्रकाश कडक करतो, हिरवा मऊ. हा रंग निळा अडवतो, हिरवा बराचसा जाऊ देतो. म्हणजे उन्हाच्या जागी, जिथे रंग सर्वांत दाट, तिथे कागद आपोआप मऊ छापतो. सावलीत रंग जवळजवळ नाहीच, तिथे तो कडक राहतो. धोतराचा सूतपणा उतरतो तो यामुळे. डोळ्याला मात्र ही निगेटिव्ह पातळ वाटते, कारण तपकिरी आपल्याला फिकट दिसतं. कागदाला ते भरीव दिसतं. इथे डोळ्यापेक्षा कागदाचं ऐकावं.

सुरुवातीचं वर्षभर मी एक खुळेपणा केला. फिक्सरनंतर फिल्म पुन्हा वापरलेल्या डेव्हलपरमध्ये बुडवायचो, रंग आणखी चढावा म्हणून. चढायचा, पण सगळीकडे सारखा. कडेच्या कोऱ्या पट्टीवरही. तो धुक्यासारखा असतो. प्रिंटला वेळ जास्त लागतो, पदरात काही पडत नाही. एक मात्र आधीच शिकलो होतो: हातमोजे घातल्याशिवाय या बाटल्यांना हात लावायचा नाही. कॅटेकॉल, पायरो दोन्ही विषारी, कातडीतूनही अंगात जातात. पानाशी साम्य रंगापुरतंच.

प्रिंटमध्ये धोतराच्या खालच्या टोकाला, थेंब निथळतो तिथे, कापड ओलं आहे हे कळतं. तो एक थेंबाएवढा राखाडी ठिपका निगेटिव्हवर मला दिसलाच नव्हता.