अभिप्राय-पत्रकातील प्रश्नांचे रूप आणि ग्राहकाचे उत्तर

बँका, विमा-संस्था, रुग्णालये, उपाहारगृहे ह्यांच्याकडून ग्राहकांचा अभिप्राय अजमावण्यासाठी जी पत्रके भरून घेतली जातात, त्यांचा विचार आपल्याकडे बहुधा व्यवस्थापनाच्या अंगानेच होतो. किती पत्रके वाटली, किती परत आली, सरासरी गुण किती पडले, एवढ्यावर तो थांबतो. परंतु पत्रक ही भाषेत रचलेली कृती आहे, आणि तिच्यातील प्रत्येक प्रश्नाचे रूप उत्तराला काही अंशी आधीच आकार देत असते. ह्या दृष्टीने मराठीत वापरली जाणारी पत्रके तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

छापील पत्रकापूर्वी आपल्याकडे तक्रार-पुस्तिका होती. रेल्वे स्थानकावर वा एस्. टी. च्या आगारात ती मागून घ्यावी लागे, आणि तिची पाने कोरी असत. कोणत्या विषयावर आणि कोणत्या शब्दांत लिहावयाचे हे सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या हाती होते. तिचे दोषही उघड आहेत. लिहिता येणारा आणि पुरेसा संतापलेला प्रवासीच तिच्यापर्यंत पोहोचे. शिवाय अशा मजकुराची बेरीज करता येत नाही. मोजणीच्या गरजेतून बंदिस्त प्रश्न, म्हणजे ठरावीक पर्यायांतून निवड करावयास लावणारा प्रश्न, पुढे आला. ती गरज खोटी नव्हे. मात्र मोजता येण्यासाठी आपण काय गमावतो, ह्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

हा हिशेब हॉवर्ड शूमन व स्टॅन्ली प्रेसर ह्या अमेरिकन संशोधकांच्या १९८१ च्या ग्रंथात आकड्यांनिशी सापडतो. मुलांना आयुष्यासाठी सिद्ध करावयाचे तर त्यांनी कोणती गोष्ट शिकणे सर्वांत महत्त्वाचे, असा प्रश्न त्यांनी दोन रूपांत विचारला. पर्यायांची यादी पुढे ठेवली तेव्हा ‘स्वतः विचार करणे’ हे उत्तर ६१.५ टक्के लोकांनी निवडले. यादी न देता विचारले तेव्हा तेच उत्तर अवघ्या ४.६ टक्क्यांनी दिले. ह्यांतील खरा आकडा कोणता, असे विचारण्यात आमच्या मते फारसा अर्थ नाही. यादी विसरलेल्या गोष्टीची आठवण करून देते. त्याच वेळी यादीबाहेरचे बोलू नये, अशी मूक सूचनाही ती करते. दोन्ही परिणाम एकदम घडतात.

अभिप्राय-पत्रकात ह्याचे फलित काय होते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका बँकेच्या शाखेने चार बाबींवर मत मागितले : प्रतीक्षेचा काळ, कर्मचाऱ्यांचे वर्तन, जागेची स्वच्छता व व्याजाचे दर. दर महिन्यास येणाऱ्या एका निवृत्तिवेतनधारकाची अडचण एवढीच आहे की, पासबुकात नोंदी छापणारे यंत्र नेहमी बंद असते. वर्तन चांगले, जागा स्वच्छ, अशा खुणा तो प्रामाणिकपणे करील आणि पत्रक परत देईल. कार्यालयात त्याची गणना समाधानी ग्राहकांत होईल. येथे कोणीही खोटे बोललेले नाही. तरीही निष्पन्न झालेला निष्कर्ष खोटा आहे. म्हणून प्रथम थोड्या ग्राहकांना मुक्त प्रश्न विचारावा, त्यांच्या उत्तरांतून पर्यायांची यादी त्यांच्याच शब्दांत तयार करावी, आणि मगच बंदिस्त प्रश्न छापावा. हा क्रम शूमन-प्रेसर ह्यांनीही सुचविला आहे. ‘अन्य’ असा पर्याय शेवटी जोडला की काम भागते, ही समजूत मात्र भाबडी आहे; बहुतेक लोक समोरच्या यादीतच निवड करून मोकळे होतात.

आता श्रेणीदर्शक प्रश्नांकडे वळू. रेन्सिस लिकर्ट ह्यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धती अनेक विधानांवरील प्रतिसादांची बेरीज करून मनोवृत्ती मोजण्याची होती. एखाद्या सुट्या विधानापुढे पाच चौकोन काढून त्यास लिकर्ट-श्रेणी म्हणणे हा आज रूढ झालेला शिथिलपणा होय. एस्. एस्. स्टीव्हन्स ह्यांनी १९४६ मध्ये केलेला मापनश्रेणींचा भेदही येथे ध्यानात घेतला पाहिजे. ‘चांगले’ हे ‘बरे’च्या वर आहे एवढे आपण जाणतो, किती वर आहे, हे जाणत नाही. अशा शब्दांची दशांशापर्यंत सरासरी काढणे धाडसाचे आहे.

मराठी पत्रकांची खरी अडचण मात्र ह्याही अलीकडची आहे. इंग्रजीतील ‘स्ट्राँगली अग्री’साठी मराठीत ‘पूर्णपणे सहमत’, ‘ठामपणे सहमत’, ‘अत्यंत सहमत’ असे शब्दप्रयोग योजता येतात, आणि ते समानार्थी आहेत असे गृहीत धरले जाते. वस्तुतः ‘पूर्णपणे’ हा शब्द व्याप्ती सांगतो, ‘ठामपणे’ निश्चय सांगतो, आणि ‘अत्यंत सहमत’ असे मराठीत कोणी बोलत नाही. मधल्या घरातील ‘तटस्थ’ तर अधिकच घातक. तटस्थ असतो तो दोघांच्या भांडणात कोणाचीही बाजू न घेणारा. चहा पिऊन उठलेल्या गिऱ्हाइकाचे कोणाशी भांडण असते? त्याला बहुधा तीन गोष्टींपैकी एक म्हणावयाची असते : ‘बरे होते’, ‘सांगता येत नाही’, किंवा ‘त्या गोष्टीशी माझा संबंधच आला नाही’. हे तीन सर्वथा भिन्न अर्थ एका चौकोनात कोंबले जातात आणि त्यांना ३ हा एकच गुण मिळतो. शिवाय आपल्याकडे ‘ठीक’ हा शब्द पुष्कळदा नापसंतीचा सभ्य उच्चार असतो. तो श्रेणीच्या मध्यावर ठेवणाऱ्याने हे लक्षात घेतलेले नसते.

नकारार्थी रचनेचा धोका जुना आहे. डोनल्ड रग ह्यांनी १९४१ मध्ये लोकशाहीविरोधी भाषणांविषयी अमेरिकेत विचारलेल्या प्रश्नाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अशा भाषणांस ‘परवानगी द्यावी का’ ह्यास ६२ टक्क्यांनी नकार दिला. ‘बंदी घालावी का’ ह्यास मात्र ४६ टक्क्यांनीच होकार दिला. मराठीत ह्या जोडीला आणखी एक पेच आहे. ‘आपल्याला काही अडचण आली नाही ना?’ ह्या प्रश्नास ‘हो, नाही आली’ आणि ‘नाही, नाही आली’ ही दोन्ही उत्तरे आपण सहज देतो. बोलण्यात पुढचे शब्द अर्थ सांभाळतात. पत्रकावर केवळ ‘होय’ व ‘नाही’ असे दोन चौकोन असले की तो आधार नाहीसा होतो. ‘कर्मचारी तत्पर व नम्र होते का?’ अशा जोडप्रश्नांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. ते दोन प्रश्न आहेत.

अलीकडे एकाच प्रश्नावर भिस्त ठेवण्याची प्रथा बळावली आहे. फ्रेड रायकेल्ड ह्यांनी २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये पुरस्कारलेल्या ह्या पद्धतीत, आमची शिफारस परिचितांकडे करण्याचा संभव किती, असे विचारून ० ते १० मध्ये अंक मागतात. ९ व १० देणारे ते पुरस्कर्ते, ० ते ६ देणारे ते निंदक; पहिल्यांच्या टक्केवारीतून दुसऱ्यांची वजा करावयाची. शंभर ग्राहकांनी प्रत्येकी ६ दिले तरी उत्तर उणे १००, आणि प्रत्येकी शून्य दिले तरीही उणे १००. सर्वांनी ८ दिल्यास उत्तर शून्य. ज्या देशातील विद्यापीठांत ६० टक्क्यांस प्रथम श्रेणी मानण्याचा प्रघात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथील ग्राहकाने १० पैकी ६ देताना आपण निंदा करीत आहोत असे मानण्याचे कारण काय? अंकांनाही भाषा असते. नॉर्बर्ट श्वार्झ व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९१ मध्ये जीवनातील यशाविषयी विचारताना श्रेणी ० ते १० अशी ठेवली, तेव्हा ३४ टक्क्यांनी खालच्या अर्ध्या भागातील अंक निवडले. तीच श्रेणी उणे ५ ते अधिक ५ अशी छापली असता केवळ १३ टक्क्यांनी.

राहता राहिली पत्रकाच्या तळाशी असणारी ‘काही सूचना असल्यास’ ही ओळ. तिच्यापुढे सोडलेली जागा दीड ओळीची असते, आणि तेथे मराठीत लिहिलेला मजकूर वाचून त्याचे वर्गीकरण करण्याचे काम बहुधा कोणाकडेच सोपविलेले नसते. पत्रक तयार करणाऱ्याने ह्या ओळीपासून आरंभ करावा, तिला पान द्यावे, आणि तिचा वाचक नेमल्यावाचून पत्रक छापावयास देऊ नये.