‘जवळजवळ’ म्हणजे किती जवळ?

गणितातल्या अटकळीचीही समीक्षा करता येते, असं मला वाटतं. ती खरी की खोटी हे सिद्धताच ठरवेल. पण ती नेमकं काय मागते आणि तिच्यावर काम करताना काय बाजूला ठेवलं जातं, हे आपण विचारू शकतो. विल्यम आर्व्हेसन या बर्कलीच्या गणितज्ञाची अटकळ मी तशी वाचतो.

आधी शब्द. ऑपरेटर आणि त्याचा अ‍ॅडजॉइंट कोणत्याही क्रमाने वापरले तरी उत्तर तेच आलं, तर तो ऑपरेटर नॉर्मल. क्रमाने फरक पडतो, पण तो फरक ‘कॉम्पॅक्ट’ आहे, म्हणजे अनंत मितींच्या अवकाशात पुढेपुढे जाताना विरत जातो, तर तो ‘इसेन्शियली नॉर्मल’. जवळजवळ नॉर्मल म्हणा.

१९९८मध्ये ‘अ‍ॅक्टा मॅथेमॅटिका’तल्या निबंधात आर्व्हेसन यांनी d चलांच्या बहुपदींचं एक हिल्बर्ट अवकाश घेतलं. ऑपरेटर साधे: एकेका चलाने गुणायचं. इथे n घाताच्या बहुपदींवर हा फरक साधारण १/(n+१) इतकाच उरतो. त्या घाताच्या एकपदींची संख्या मात्र n च्या (d−१)व्या घाताच्या गतीने वाढते. म्हणून फरकांच्या p व्या घातांची बेरीज p हा d पेक्षा मोठा असेल तेव्हाच सांत राहते. अख्ख्या घराचा हिशेब असा चोख लागतो.

अटकळ म्हणते: समघाती बहुपदींच्या आयडियलातून तयार होणारं उपमॉड्यूल, म्हणजे घरातली एखादी खोली, घेतली तरी हिशेब चोखच राहील. हे उघड नाही. खोलीतला अ‍ॅडजॉइंट आधी बाहेर पडतो आणि मग जबरदस्तीने आत ढकलला जातो. त्या ढकलण्यात किती फरक वाढेल, हे कोण सांगणार?

रोनाल्ड डग्लस यांनी ही मागणी आणखी धारदार केली. भागाकार-मॉड्यूलसाठी p हा चलांच्या संख्येपेक्षा नव्हे, तर आयडियलाच्या शून्यसंचाच्या मितीपेक्षा मोठा असला की पुरे. मला हे वाचन मूळ अटकळीहून सरस वाटतं. इथे फरक विरण्याचा वेगच आकाराची मिती सांगू लागतो.

एकपदींच्या आयडियलांचा प्रश्न आर्व्हेसन यांनीच सोडवला. २००८मध्ये कुन्यू गुओ आणि काई वांग यांनी एकाच समघाती बहुपदीचे आयडियल आणि तीन चलांपर्यंतचे सगळे समघाती आयडियल निकालात काढले. २०१५मध्ये एंग्लिश आणि एश्मायर यांनी आरंभबिंदू सोडून सगळीकडे गुळगुळीत असणाऱ्या शून्यसंचांसाठी सिद्धता दिली. ती देखणी आहे. माझी तक्रार तिच्या मर्यादेबद्दल आहे.

अटकळ खरी ठरली तर प्रत्येक शून्यसंचाला एक के-होमोलॉजी वर्ग आणि त्यातून निर्देशांक मिळेल. पण गुळगुळीत आकारांसाठी अतिया आणि सिंगर यांचं निर्देशांक प्रमेय १९६३पासून आहेच. नवं काही मिळायचं ते आकार जिथे टोकदार होतो, स्वतःला छेदतो तिथे. गुओ-वांग यांचा निकाल अशा काही आकारांपर्यंत पोहोचतो, म्हणून तो मला जास्त मोलाचा वाटतो. सर्वसाधारण अटकळ अजून खुली आहे. तिची खरी परीक्षा त्या टोकांवरच होईल.