सराटा वाचताना

शिरूर-दौंडच्या माळावर अनवाणी फिरलेल्या माणसाला सराट्याची ओळख पायानेच झालेली असते. त्यामुळे तो कुणी हातात घेऊन पाहत नाही. पाहावा. पाच पाकळ्यांचे इवलेसे पिवळे फूल गळाले की फळ धरते आणि वाळल्यावर त्याच्या पाच फाका होतात. प्रत्येक फाकेला दोन लांब ताठ काटे, शिवाय दोन आखूड. कशीही टाका, एक तरी काटा वर राहतोच. मेंढीचा खूर, सायकलचा टायर, जे मिळेल त्याला धरून ती पुढच्या गावाला जाते.

खरी करामत आत आहे. एका फाकेत दोन-चार बिया, पण सारख्या नव्हेत. मोठी आधी उगवते, धाकट्या थांबून राहतात. हा पर्जन्यछायेचा मुलूख. सालाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस आणि त्याचाही भरवसा नाही. सगळे बियाणे एकाच पेऱ्यात न घालणाऱ्या जाणत्या कुणब्याप्रमाणे सराटा काही हातचे राखतो. पहिली सर फसवी निघाली तर थोरली जाते, वंश राहतो.

शेजारच्या कुसळीची तऱ्हा निराळी. तिच्या दाण्याला पीळ पडलेली लांब शेपटी असते. ओलीने पीळ सुटतो, उन्हाने पुन्हा बसतो आणि टोकदार दाणा गिरमिटासारखा भुईत शिरतो. टोकावरचे केस मागे वळलेले, त्यामुळे परतीची वाट बंद. तोच दाणा लोकरीतून मेंढीच्या कातड्यातही घुसतो, हे धनगरांना विचारा.

हाच जिल्हा पश्चिमेला घाटावर चढतो तिथे बियांचा थाट बदलतो. तेरड्याची बोंडे हात लागताच फुटतात. आमरीच्या बिया तर धुळीसारख्या. पोटात शिदोरी जवळजवळ नाहीच, रुजायला बुरशीची मदत लागते.

जगाचा हिशेब मांडणाऱ्या 2007 च्या एका अभ्यासात विषुववृत्ताकडून 60 अंशांपर्यंत जाताना बियांचे सरासरी वजन सुमारे 320 पटींनी घटलेले दिसले. दौंड साडेअठरा अंशांवर, म्हणजे बिया जड हव्यात. पण त्या सरासरीत उष्ण कटिबंधातले मोठमोठे वृक्षही आहेत. आपला माळ गवताचा आणि हंगामी रोपांचा. माझ्या मते इथे अक्षांशापेक्षा पाऊस, माती आणि जनावरांचे पाय यांचीच सत्ता अधिक. गालापागोसच्या डॅफ्नी मेजर बेटावर पक्ष्यांच्या चोचीही त्यात पडतात. 1977 च्या दुष्काळात तिथे लहान बिया संपल्या आणि आपल्या सराट्याच्या भावकीतले टणक फळ फोडू शकणारे मोठ्या चोचीचे फिंच जास्त संख्येने तगले.

सरकारी दप्तरात अशा माळांची नोंद बहुधा 'पडीक' अशी असते. तिथे खड्डे खणून झाडे लावण्याआधी दसऱ्यानंतर एकदा भिंग घेऊन जा. चप्पल जाड तळाची घाला.