बहिणाबाईंची गाणी औषध आहेत का?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या पेशींच्या कल्चरला लागोपाठ तीन वेळा बुरशी लागली. आठ महिन्यांचं काम कचऱ्यात गेलं. त्याच आठवड्यात आजी गेली. रात्री घरच्या ग्रुपवर काकांनी बहिणाबाई चौधरींची तवा आणि चटक्यांची ती प्रसिद्ध कविता पाठवली. खाली लिहिलं होतं, "धीर सोडू नकोस." काकांचा हेतू चांगलाच होता. पण खरं सांगते, बरं वाटायच्या ऐवजी मला कुणीतरी दटावल्यासारखं वाटलं. त्यांनी सोसलं, तूही सोस!

दहा-बारा दिवसांनी बहिणाबाईंच्याच एका गाण्यानं मला मोकळं केलं. कवयित्री तीच, ऐकणारी मीच, मग फरक कशाचा? आज त्याबद्दल बोलू. विषय माझ्या प्रयोगशाळेबाहेरचा आहे, पण प्रश्न विचारायची सवय तिथलीच.

आधी संशोधन काय म्हणतं ते बघू. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला लावलं. काहींनी साध्यासुध्या विषयावर लिहायचं, काहींनी आयुष्यातल्या आघातावर. आघातावर लिहिणाऱ्यांपैकी कुणी फक्त घटना लिहायच्या, कुणी फक्त भावना, कुणी दोन्ही. पुढच्या काही महिन्यांत दोन्ही एकत्र लिहिणाऱ्यांना विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. गंमत म्हणजे लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्त वाईट वाटत होतं. अर्थात लगेच वही घेऊन बसू नका! २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित हिशोब मांडला गेला, तेव्हा सरासरी फायदा निघाला, पण छोटा.

दुसरा प्रयोग २००४ चा, जर्मन भाषेतला. वीस निरोगी माणसांकडून होमरच्या महाकाव्याचं त्याच प्राचीन वृत्तातलं भाषांतर म्हणून घेतलं. म्हणताना श्वास संथ झाला आणि हृदयाच्या ठोक्यांमधला चढउतार श्वासाशी जुळला. नुसतं शांत बसल्यावर तो तसा जुळत नव्हता. यावरून ओवीबद्दल थेट निष्कर्ष काढता येणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: इथे कविता *वाचली* नव्हती, *म्हटली* होती.

आता बहिणाबाईंकडे येऊ. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्म, तिशीच्या आसपास वैधव्य, अक्षरओळख नाही. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्यांनी लेवा बोलीत गाणी रचली. मुलगा सोपानदेव आणि एका आप्तानं ऐकून लिहून ठेवली म्हणून ती उरली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे ही गाणी छापली जाण्याआधी कित्येक वर्षं आपलं काम करत होती. जातं ओढताना दम लागतो, ओळ त्या दमाच्या मापानं तुटते, समोर बसलेली बाई पुढची ओळ उचलते. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या आहेत. म्हणजे बहिणाबाई एकट्या नव्हत्या, ही रीतच होती.

माझी तक्रार आहे ती आपण या गाण्यांचे सुविचार करतो त्याबद्दल. तव्याच्या कवितेत चटका आधी येतो, भाकरी नंतर. बहिणाबाई चटका लपवत नाहीत. आपण मात्र कविता पुढे पाठवताना चटका गाळतो आणि सोसण्याचा उपदेश तेवढा ठेवतो. पेनेबेकरच्या भाषेत सांगायचं तर घटना काढून टाकली, भावनाही काढून टाकली, उरला फक्त निष्कर्ष. त्यानं कुणाला बरं वाटणार?

मला मोकळं करणारं गाणं वैधव्याचं होतं. कपाळावरच्या कुंकवाखाली नशिबाची रेघ झाकलेली होती, कुंकू पुसलं गेलं आणि ती उघडी पडली, अशी त्याची सुरुवात. घटना एका ओळीत, आक्रोश नाही. मग दुःख उलगडत जातं आणि शेवटी बाई ज्योतिषालाच बजावते की माझा हात बघू नकोस, माझ्या दारात येऊ नकोस, माझं दैव मला ठाऊक आहे. माझ्या मते या गाण्याची खरी ताकद या वळणात आहे. दुःख कमी झालेलं नाही, पण त्याबद्दल बोलायचा हक्क आता तिचा आहे.

आजीच्या स्वयंपाकघरात ज्वारी निवडताना मावशी हे गाणं म्हणत होती. मीही सूर धरला. आजीला ऐन तरुणपणी वैधव्य आलेलं, त्यामुळे दोघींचेही डोळे भरले. ज्योतिषाच्या ओळीपाशी मात्र मावशीला एकदम हसू फुटलं. "अगं, तुझ्या आजीनं एका जोशीबुवाला अस्संच हाकललं होतं. वर म्हणाली, आता दक्षिणा तुम्हीच ठेवून जा!" त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा हसलो.

तेव्हा ही गाणी औषध आहेत का? गोळीसारखी नाहीत. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांकडेच जायचं, तिथे कविता पुरत नाही. पण कुणी दुःखात असेल तर कविता पाठवून देऊ नका. जवळ बसा आणि दोघं मिळून म्हणा. सूर चुकला तरी चालतो, आमचाही चुकलाच होता.