शालेय आठवणींतील साधेपणा : सेवाग्रामच्या नई तालीम शाळेच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठी ललित लेखनात शाळेच्या आठवणींना मानाचे स्थान आहे. गळके छप्पर, पाटी-पेन्सिल, मधल्या सुट्टीतील डबा आणि कडक शिस्तीचे गुरुजी यांच्या वर्णनातून हरवलेल्या बालपणाविषयीची हुरहूर व्यक्त होते. मात्र अशा लेखनात ‘पूर्वीचे बालपण साधे होते’ हे बहुधा गृहीत धरलेले असते. हा साधेपणा कोणाचा आणि तो कशातून आला, हा प्रश्न मागे राहतो. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या शाळेच्या आठवणी या प्रश्नाच्या विचारासाठी महत्त्वाच्या ठरतात.

पार्श्वभूमी :
ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मातृभाषा, सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण आणि उत्पादक हस्तोद्योग ही तत्त्वे तेथे मांडली गेली. डॉ. झाकिर हुसेन समितीने त्यांना अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे कार्य आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्राममध्ये उभे केले. येथील साधेपणा विचारपूर्वक स्वीकारलेला व काटेकोरपणे आखलेला होता.

आठवणीतील शाळा :
१९५० मध्ये वर्धा येथे जन्मलेले डॉ. अभय बंग या शाळेचे विद्यार्थी होते. आपल्या शाळेविषयीच्या त्यांच्या लेखनात भाजीचा वाफा, सामुदायिक स्वयंपाकघर आणि प्रत्यक्ष कामातून उलगडत गेलेले ज्ञान यांना मध्यवर्ती स्थान आहे. येथे एक लक्षणीय फरक जाणवतो. सर्वसाधारण शालेय आठवणींत मित्र, खोड्या आणि मधली सुट्टी उरते. धडे मात्र पुसले जातात. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीतही आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुकुंदचे खरे जग अभ्यासक्रमाच्या बाहेरच फुलते. सेवाग्रामच्या आठवणीत उलट शिकणेच आनंदाचा विषय होते. त्यामुळे ती केवळ हुरहुर न राहता प्रचलित शिक्षणपद्धतीवरील भाष्य ठरते. तोमोई या जपानी शाळेचे चित्र रेखाटणारे ‘तोत्तोचान’ मराठी वाचकांना जवळचे वाटले, त्यामागेही हेच कारण असावे.

मर्यादा :
तथापि या आठवणीकडे चिकित्सकपणेही पाहिले पाहिजे. प्राध्यापकाच्या मुलाने हाती घेतलेले कुदळ-फावडे आणि शेतमजुराच्या मुलाच्या हातातील कुदळ-फावडे यांचा अर्थ एक नाही. पहिल्यासाठी ते शिक्षणाचे साधन असते. दुसऱ्यासाठी ज्या कष्टातून शाळेने सोडवावे अशी अपेक्षा असते, तेच कष्ट असतात. १९३७ च्या परिषदेतच प्रा. के. टी. शाह यांनी स्वावलंबी शाळेच्या कल्पनेवर आक्षेप घेतला होता. मुलांनी तयार केलेल्या वस्तूंची व्यावसायिक कारागिरांच्या मालाशी स्पर्धा होईल, ही त्यांची शंका निराधार नव्हती.

दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचताना या प्रश्नाची दुसरी बाजू समोर येते. तेथे जातीचे चटके शाळकरी वयातच बसतात. ज्यांना बालपणी साधेपणा निवडण्याची मुभाच नव्हती, त्यांच्या लेखनात तो हरवल्याची खंत कशी येणार? शालेय स्मरणरंजन बहुतांशी सुरक्षित बालपण लाभलेल्यांचा प्रांत राहिले, याचे कारण येथे सापडते.

समारोप :
या मर्यादेमुळे सेवाग्रामच्या आठवणींचे मोल कमी होत नाही. ते कशात आहे, हे मात्र स्पष्ट होते. निरागसतेच्या वर्णनापेक्षा शिकण्याच्या रीतीची नोंद हा त्यांचा टिकाऊ भाग होय. बालपण परत आणता येत नाही. रीत आणता येते. २००५ पासून सेवाग्राममध्ये ‘आनंद निकेतन’ ही शाळा नई तालीमच्या विचारावर नव्याने सुरू झाली, हे त्याचे उदाहरण आहे. शिकवणी वर्ग आणि गुणांच्या स्पर्धेत अडकलेल्या आजच्या मुलांसाठी ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारे उसासे निरुपयोगी आहेत. आमच्या वेळी काय, कसे आणि कोणाला शिकता आले, हे सांगणारी आठवणच त्यांच्या उपयोगाची आहे. शालेय आठवणींच्या लेखनाचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावे.