‘इनहेरिट द विंड’ : पडद्यावरचा खटला आणि वर्गातला प्रश्न

शाळेत धर्म आणि विज्ञान समोरासमोर आले म्हणजे काय होते, याचे उदाहरण म्हणून ‘इनहेरिट द विंड’ या अमेरिकी चित्रपटाचे नाव नेहमी घेतले जाते. जेरोम लॉरेन्स व रॉबर्ट ली यांच्या १९५५ सालच्या नाटकावरून स्टॅन्ली क्रेमर यांनी तो १९६० मध्ये काढला. हा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवावा काय? आमच्या मते जरूर दाखवावा. मात्र इतिहास म्हणून दाखवू नये.

कथा थोडक्यात अशी : उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल एका तरुण शिक्षकाला तुरुंगात टाकले जाते आणि सारे गाव त्याच्यावर उलटते. त्याच्या बाजूने ड्रमंड हा वकील, तर विरुद्ध बाजूने ब्रेडी हा धर्मनिष्ठ पुढारी उभा राहतो. स्पेन्सर ट्रेसी आणि फ्रेडरिक मार्च यांची जुगलबंदी आजही खिळवून ठेवते.

मूळ खटला जुलै १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन या गावी चालला. बायबलमधील निर्मितिकथा नाकारून मानव खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून झाला असे सरकारी खर्चाच्या शाळांत शिकवण्यास त्याच वर्षीच्या बटलर कायद्याने बंदी घातली होती. पण जॉन स्कोप्स या शिक्षकाला संतप्त जमावाने पकडून दिले नव्हते. या कायद्याला आव्हान देण्यासाठी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन एका शिक्षकाच्या शोधात होती. गावाचे नाव होईल म्हणून डेटनच्या काही प्रतिष्ठितांनी औषधांच्या दुकानात बसून बेत केला आणि स्कोप्सने त्यास संमती दिली. त्याला १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये तो तांत्रिक कारणावरून रद्द झाला. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

नाटककारांनी नावे बदलली होती, तेव्हा असे फेरफार क्षम्य आहेत. आमचा आक्षेप ब्रेडीच्या चित्रणावर आहे. पडद्यावर तो खादाड, गर्विष्ठ आणि हास्यास्पद आहे. तो ज्यांच्यावरून बेतला ते विल्यम जेनिंग्ज ब्रायन तीनदा अध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि स्त्रियांच्या मताधिकाराचे पुरस्कर्ते होते. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, शाळा करदात्यांच्या पैशावर चालतात, म्हणून तेथे काय शिकवावे हे बहुसंख्यांनी ठरवावे. दुसरे, ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम असे मुलांच्या मनावर ठसले, तर दुबळ्यांविषयीची करुणा नाहीशी होईल.

दुसरी भीती अगदीच निराधार नव्हती. स्कोप्सच्या वर्गातील ‘सिव्हिक बायॉलॉजी’ या पाठ्यपुस्तकात गोऱ्यांना सर्व मानववंशांत श्रेष्ठ ठरवले होते आणि सुप्रजननाचा पुरस्कार केला होता. चित्रपट याविषयी गप्प राहतो. आपण शिक्षकांनी गप्प राहू नये. विज्ञानाच्या नावाखाली खपलेली ही चूक विज्ञानानेच पुढे पुराव्याने खोडून काढली, हेही मुलांना सांगावे.

पहिल्या मुद्द्याला तर उत्तर द्यायलाच हवे. मानवाची उत्पत्ती कशी झाली हे हात वर करून ठरत नाही. शिवाय सरकारी तिजोरीतला पैसा केवळ बहुसंख्यांचा नसतो. एखाद्या पंथाच्या शिकवणुकीशी जुळवून घेण्यासाठी राज्याला अभ्यासक्रम कापता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आर्कान्सासच्या खटल्यात दिला. याने धर्माचे नुकसान झाले असे आम्हांला वाटत नाही. सरकारने एका पंथाचा अर्थ शाळेत लादला, तर इतर श्रद्धावंतांवरही अन्याय होतो. डेटनमध्ये बचावपक्षातर्फे साक्ष देणारे प्राणिशास्त्रज्ञ मेनार्ड मेटकाफ स्वतः चर्चचे सभासद होते. म्हणजे हा लढा आस्तिक विरुद्ध नास्तिक असा नव्हताच. सरकारच्या हाती असलेल्या वर्गात अधिकार कोणाचा, पुराव्याचा की बहुमताचा, असा तो प्रश्न होता.

आपल्यालाही तो परका नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, तेव्हा अभ्यासक्रम बदलावा, असे विधान केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचे खंडन केले. त्या विधानाची टर उडवणे सोपे होते. पण हेच वाक्य घरी ऐकून आलेली एखादी मुलगी वर्गात उभी राहून विचारते, तेव्हा हसून कसे चालेल? तिला जीवाश्म, भ्रूणांतील साम्य, आजच्या माकडांचे व माणसांचे समान पूर्वज यांविषयी सांगावे लागते. तिच्या देवाविषयी बोलण्याची गरज पडत नाही.

अखेरच्या दृश्यात ड्रमंड बायबल आणि डार्विनचा ग्रंथ दोन्ही हातांत तोलून पाहतो आणि एकत्र घेऊन निघून जातो. माणूस म्हणून त्याला तो अधिकार आहेच. चित्रपट संपल्यावर शिक्षकांनी मुलांना एवढेच विचारावे : यांतले कोणते पुस्तक विज्ञानाच्या तासाला उघडायचे, आणि का?