‘क्विबी’ : नाव, मात्रा आणि आख्यान

अमेरिकेतील ‘क्विबी’ ही स्ट्रीमिंग कंपनी ६ एप्रिल २०२० रोजी लोकांपुढे आली आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला बंद झाली. या आठ महिन्यांच्या आयुष्यासाठी तिने १७५ कोटी डॉलरचे भांडवल उभे केले होते. डिस्ने, सोनी, वॉर्नरमीडिया, अलीबाबा यांसारखे मातबर गुंतवणूकदार तिच्या पाठीशी होते. संस्थापक जेफ्री कॅट्झेनबर्ग हे डिस्नेच्या चित्रपट विभागाचे माजी प्रमुख व ‘ड्रीमवर्क्स’च्या संस्थापकांपैकी एक; कारभार पाहणाऱ्या मेग व्हिटमन यांनी पूर्वी ‘ईबे’ कंपनी नावारूपाला आणलेली. या पतनाची आर्थिक मीमांसा पुष्कळ झाली आहे व ती त्या विषयाच्या जाणकारांकडेच असावी हे बरे. भाषा आणि आख्यान यांच्या अभ्यासकाला या प्रकरणात रस वाटावा तो निराळ्या कारणाने. या कंपनीने भाषेला एक नवा शब्द आणि कथनाला एक नवी मात्रा एकाच वेळी देऊ केली. दोन्ही नाकारली गेली, आणि दोन्ही नकारांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘क्विक बाइट्स’, म्हणजे झटपट घास, या दोन शब्दांचे आरंभ जोडून ‘क्विबी’ हे नाव घडविले गेले. इंग्रजीत असे जोडशब्द विपुल आहेत. ‘हाय-फाय’, ‘साय-फाय’, ‘सिटकॉम’ हे सर्वांच्या परिचयाचे. परंतु या प्रत्येकाच्या मागे आधीपासून रुळलेले एक पूर्ण रूप उभे होते. ‘सायन्स फिक्शन’ लोकांच्या तोंडी बसले, मगच त्याचा संक्षेप झाला. संक्षेप हा परिचयाचा परिणाम असतो, परिचयाचे साधन नव्हे. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुलं’ झाले ते मराठी वाचकाने त्यांना आपल्या घरातले मानल्यानंतर. एखाद्या नवोदित लेखकाने पहिल्याच पुस्तकावर आपले नाव असे छापले असते, तर ते कोणाचे, हेच वाचकाला कळले नसते. ‘क्विक बाइट्स’ हा प्रयोग या अर्थाने इंग्रजीत रूढ नव्हता. साहजिकच त्याचा संक्षेप ऐकणाऱ्याला कशाचीच आठवण करून देत नव्हता.

कंपनीची आकांक्षा मात्र केवळ विशेषनामाची नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘सुपर बोल’ या फुटबॉल सामन्याच्या प्रक्षेपणात तिने एक जाहिरात दाखविली. बँक लुटून दरोडेखोर बाहेर येतात. त्यांना पळवून न्यायचे तो मोटारचालक मोबाइलवर मालिका पाहण्यात गुंग आहे आणि आपण ‘एका क्विबीत’ येतो असे सांगतो. दहा मिनिटांहून कमी वेळ, असा अर्थ लोकांनी घ्यावा ही अपेक्षा. म्हणजे येथे कालमापनाचे एक सामान्यनामच प्रसृत करण्याचा प्रयत्न होता.

कालवाचक शब्द भाषेत कसे येतात, हे मराठी अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. ‘घटका’ हा शब्द पाण्यात बुडणाऱ्या सच्छिद्र पात्रावरून आला. चोवीस मिनिटांचे ते शास्त्रीय माप लोप पावले, तरी ‘घटकाभर बसा’ हा आग्रह टिकला. शास्त्राचे माप नसेल तेथे लोक कृतीने वेळ मोजतात: भाकरी भाजून होईपर्यंत, विडा रंगेपर्यंत. या सर्वांत आधी कृती असते, ती सर्वांच्या अनुभवाची असते, आणि मागाहून तिचे माप होते. क्विबीने हा क्रम उलटा केला. जी कृती अद्याप कोणीच केली नव्हती, तिचे माप तिने आधी जाहीर केले.

हाच उलटा क्रम तिच्या आख्यानरचनेत दिसतो. प्रत्येक भाग दहा मिनिटांच्या आत संपला पाहिजे हा नियम. त्याच्या समर्थनार्थ कॅट्झेनबर्ग डॅन ब्राऊन यांच्या ‘द दा विंची कोड’ या कादंबरीतील आटोपशीर प्रकरणांचा दाखला देत. दाखला मार्मिक आहे, पण तो त्यांच्याच विरुद्ध जातो. त्या कादंबरीतील प्रकरणे लहान आहेत ती पृष्ठसंख्येच्या नियमाने नव्हेत. प्रत्येक प्रकरण एखादे गूढ अर्धवट उकलून थांबते, म्हणून ते लहान आहे. थांबण्याची जागा कथेने ठरविली आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. तेथेही जागेचे बंधन होतेच. परंतु दोन हप्त्यांमधील आठवडा हा वाचकाच्या विचाराचा, घरातल्या चर्चेचा काळ होता, आणि तोही त्या आख्यानाचा भागच होता. क्विबीच्या कथनात्मक मालिकांना ‘प्रकरणांतून सांगितलेले चित्रपट’ म्हटले जाई. निर्मात्यांशी झालेल्या करारात दोन वर्षांनंतर हे तुकडे पुन्हा सांधून अखंड चित्रपट करण्याची मुभा होती. व्यापारी दृष्टीने ही सवलत उदार म्हणावी लागेल. परंतु जे तुकडे सांधले की काहीच उणे राहत नाही, ते घटक नव्हेत, निव्वळ छेद होत. भाषेत वाक्य हा घटक आहे. मुद्रिताची ओळ हा घटक नाही. क्विबीने ओळीलाच वाक्य समजण्याची गफलत केली.

फोन उभा धरला काय वा आडवा धरला काय, चित्र पडदा भरूनच दिसावे, अशी तिची यंत्रयोजना होती. त्यासाठी प्रत्येक दृश्याची दोन संकलने करावी लागत. काही मालिकांवर मिनिटाला एक लाख डॉलरपर्यंत खर्च होई. कौशल्याबद्दल शंका नाही. मात्र त्या कौशल्याची गरज प्रेक्षकाला भासलेली दिसत नाही.

माझ्या मते निर्णायक ठरलेली गोष्ट याहून साधी आहे. प्रारंभी या मालिका केवळ मोबाइलवरच पाहता येत, आणि त्यांतील एखादे दृश्य स्क्रीनशॉट म्हणून टिपून दुसऱ्याला धाडण्याची सोय नव्हती. हक्करक्षणाच्या दृष्टीने हे समर्थनीय असेल. पण ज्या संहितेतील चार शब्द कोणी उद्धृत करू शकत नाही, ती बोलीत शिरणार कशी? आपण पाहिले ते शेजाऱ्याला दाखविता येत नाही आणि तरी त्याने ‘एक क्विबी थांब’ म्हणावे, ही अपेक्षा परस्परविरोधी होती. त्याच वर्षी ‘५० स्टेट्स ऑफ फ्राइट’ या भयमालिकेतील सोन्याच्या हाताच्या कथेचा एक तुकडा समाजमाध्यमांवर पसरला, तो थट्टेचा विषय म्हणून. क्विबीला लाभलेले सर्वांत मोठे लोकप्रिय उद्धरण बहुधा हेच. एरवी तिच्या निर्मितीत गुण नव्हते असे नाही: ‘#फ्रीरेशॉन’ या मालिकेतील लॉरेन्स फिशबर्न व जॅस्मिन सेफस जोन्स यांना २०२० मध्ये लघुमालिका-विभागातील एमी पारितोषिके मिळाली.

पहिल्या आठवड्यात १७ लाख लोकांनी हे ॲप उतरवून घेतले, तेही नव्वद दिवस फुकट पाहता येईल या सवलतीवर. पुढे ओघ आटला. कॅट्झेनबर्ग यांनी मे महिन्यात सर्व दोष महामारीवर ठेवला. मोटारी, आगगाड्या, रांगा यांतील रिकामा वेळ नाहीसा झाला, हे खरेच. परंतु त्याच महिन्यांत घरी बसलेले लोक त्याच फोनवर टिकटॉक पाहतच होते, हे विसरता येत नाही. दूरदर्शन संचासाठीची ॲप्स आली ती ऑक्टोबरात, गाशा गुंडाळण्याच्या घोषणेच्या आदल्या दिवशी! २१ ऑक्टोबरच्या जाहीर पत्रात दोन्ही चालकांनी अपयशाची दोन संभाव्य कारणे दिली: कल्पना स्वतंत्र सेवेचा भार पेलण्याइतकी सबळ नसावी, किंवा वेळ चुकली असावी. पत्र प्रांजळ आहे. पण रचनेचा, म्हणजे कल्पनेला कोणते रूप दिले याचा, विचार त्या दोन पर्यायांच्या मधल्या फटीत हरवतो.

कल्पना अगदीच निर्बळ नव्हती, याचा पुरावा पुढे मिळाला. चीनमध्ये वाढलेल्या व नंतर ‘रीलशॉर्ट’सारख्या ॲपमधून अमेरिकेतही पसरलेल्या लघुनाट्यांचे भाग एक-दोन मिनिटांचेच असतात. चित्रीकरण स्वस्त, अभिनय भडक, कथानके ठोकळेबाज. अभिरुचीच्या दृष्टीने त्यांची तरफदारी करणे कठीण आहे. तथापि तेथे पहिले काही भाग फुकट असतात व पुढच्यासाठी पैसे मोजावे लागतात. त्यामुळे प्रत्येक भागाचा शेवट हा प्रेक्षकाला अडविण्याचा क्षण असावा लागतो: थप्पड उगारली जाते आणि भाग संपतो. येथे छेदाला आख्यानातले कार्य आहे. म्हणून तो घटक ठरतो, मग त्याचे वाङ्मयीन मूल्य काही का असेना.

क्विबीच्या पंचाहत्तरहून अधिक मालिका जानेवारी २०२१ मध्ये ‘रोकू’ कंपनीने विकत घेतल्या आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून जाहिरातींसह फुकट दाखविण्यास प्रारंभ केला. तेथे त्यांना ‘रोकू ओरिजिनल्स’ हे नाव मिळाले. ‘क्विबी’ हा शब्द इंग्रजी वृत्तलेखनात आजही भेटतो, पण एखाद्या खर्चिक फजितीची उपमा देण्यापुरता. कालवाचक अर्थाने तो कोणी वापरल्याचे निदान माझ्या वाचनात आलेले नाही.